कानांनी पाहावयाचे रामायण

चैत्र शुद्ध प्रतिपदेस रामनवरात्र बसले की गावोगावच्या राममंदिरांतून कीर्तनास प्रारंभ होतो. नवविधा भक्तीत श्रवणास पहिले स्थान आहे, हे भाविक वाचक जाणतातच. परंतु श्रवणाने बोधाबरोबर दर्शनही घडते, ही गोष्ट खुद्द आदिकवीने नमूद करून ठेवली आहे. बालकांडाच्या चौथ्या सर्गात कुश-लव ऋषींच्या मेळाव्यात रामचरित्र गातात, तेव्हा सद्गदित झालेले मुनी उद्गारतात की, फार पूर्वी घडून गेलेले हे सारे जणू प्रत्यक्ष दाखविले गेले! तेथे ना पडदा, ना सोंग. दोन बालकांचे कंठ तेवढे.

महाराष्ट्राने हा अनुभव १९५५ साली घरबसल्या घेतला. त्या वर्षीच्या रामनवमीस, १ एप्रिल रोजी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि छप्पन्न गीतांतून कथा पूर्ण झाली. घरोघरी रेडिओला हार घालून लोक ऐकावयास बसत, असे जुनी मंडळी अजून सांगतात.

नारदीय कीर्तनाची सामग्री त्याहूनही अल्प. पूर्वरंगातील निरूपण आटोपले, हार-बुक्का झाला की उत्तररंगात आख्यान उभे करावयाचे, ते झांज, पेटी, तबला आणि स्वतःचा गळा एवढ्याच बळावर. रणधुमाळी हवी असेल तेथे अमृतरायांच्या धाटणीचा कटाव म्हणावा. अक्षरांच्या दणदणाटातच सैन्ये चालून येतात. पण गलबला उठविणे त्या मानाने सोपे. कीर्तनकाराची खरी कसोटी लागते ती श्रावणवधाच्या आख्यानात. (वाल्मीकींनी त्या मुनिकुमाराचे नाव दिलेले नाही, ‘श्रावण’ हे परंपरेचे देणे.)

राम वनात गेल्यानंतरच्या सहाव्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, दशरथ ही जुनी गोष्ट कौसल्येस सांगतो. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा काठ, काळोख. दृष्टीस काहीच दिसत नाही. कानी येतो तो घागर भरण्याचा ध्वनी, आणि शब्दवेधी राजास वाटते की हत्ती पाणी पीत आहे. आता हा ध्वनी श्रोत्यांस ऐकवावा कसा? घागर भरत येते तसतशी आतील हवेची पोकळी आखूड होते व स्वर चढत जातो. डग्ग्यावर मनगटाचा दाब वाढवीत नेला म्हणजे नेमका तसाच चढ साधतो, आणि डग्ग्याचा घुमारा मूळचाच गजगंभीर! कथा तर सर्वांस पाठ असते. त्यामुळे श्रोत्याच्या एका कानात घागर बुडत असते, दुसऱ्या कानात हत्ती. बाण सुटू नये असे सभेतील प्रत्येकास वाटते आणि बाण सुटतो.

अलीकडे अशी आख्याने ध्वनिमुद्रित होऊन मोबाइलवर ऐकली जातात. त्यास माझा विरोध नाही. दूरदेशीच्या नातवंडांच्या कानी रामकथा पडते, हे काय थोडे झाले? मात्र मुद्रण करणारे तरुण उत्साहाच्या भरात मध्येच खऱ्या हत्तीचा चीत्कार घालतात, तेव्हा कथेचा प्राणच जातो. हत्ती खराच ओरडला तर राजाची भूल कसली? आणि पाण्याची स्वच्छ बुडबुड ऐकविली तर राजा मूढ ठरतो. ध्वनी दोहोंच्या मध्ये राहिला पाहिजे. त्यास अर्थ द्यावयाचा तो शब्दाने, तोही बाण लागल्यानंतर उमटणाऱ्या मनुष्यस्वराने.

याच आख्यानात कान आणखी एकदा फसतात. तिकडे श्रोत्यांचे लक्ष क्वचितच जाते. राजा घागर भरून घेऊन अंध मातापित्यांकडे निघतो. पावले ऐकून वृद्ध पिता म्हणतो, बाळा, इतका उशीर का केलास? पाणी लवकर आण. या ठिकाणी पेटी थांबवावी, तबल्यावरचा हात उचलावा, झांज खाली ठेवावी आणि कीर्तनकाराने दोन-तीन पावले चालावे. फळीवर पाऊल वाजते तेवढे पुरे. मुद्रण करणाऱ्यांनीही पावलांखाली करुण सुरावट घालू नये. वृद्धाला ती ऐकू येत नव्हती.