पाटी एकाची, भिंती दुसऱ्याच्या

लोअर परळला सेनापती बापट मार्गावर, फिनिक्स मिलच्या जुन्या आवारात एक उंच इमारत उभी आहे. डिसेंबर २०१२मध्ये तिथे पंचतारांकित हॉटेल सुरू झालं, तेव्हा पाटी होती शांग्रि-लाची. वर्ष उलटायच्या आत ती उतरली आणि हॉटेलचं नाव पॅलेडियम झालं. २०१५च्या अखेरीस पॅलेडियमही गेलं आणि सेंट रेजिस आलं, ते आजही आहे. तीन वर्षांत तीन नावं. लिफ्ट त्याच, खिडकीतला समुद्र तोच, पायथ्याचा मॉल तोच. मालकही पहिल्यापासून एकच, फिनिक्स मिल्स.

मुंबईत दोन-तीन रात्री जरा चांगल्या ठिकाणी राहायचं ठरलं, की आपण मोबाइलवर मोठमोठी नावं शेजारी शेजारी लावतो. मॅरियट की हयात, ताज की ओबेरॉय, आयटीसी की सोफिटेल. फोटो पाहतो, भाडं पाहतो, लोकांनी दिलेले तारे मोजतो. पण लोअर परळची ही गोष्ट कळली की पहिला प्रश्न वेगळाच पडतो. यातलं नक्की काय कुणाचं आहे?

उत्तर ऐकून मी थक्क झालो होतो, आणि अजूनही होतो. बहुतेक साखळी हॉटेलांत जमीन आणि इमारत एका कंपनीची असते. ती चालवते दुसरीच कंपनी, जिचं नाव पाटीवर असतं. जनरल मॅनेजर या दुसऱ्या कंपनीने नेमलेला असतो, पण पगार, विजेचं बिल, नवा गालिचा हे सगळं बहुधा मालकाच्या खात्यातून जातं. साखळीला मिळतात उत्पन्नातले साधारण दोन-तीन टक्के आणि वर नफ्यातला ठरलेला वाटा. काही ठिकाणी तर साखळी हॉटेल चालवतही नाही. नाव, नियमांची जाडजूड पुस्तकं आणि बुकिंगची यंत्रणा एवढंच ती भाड्याने देते.

मॅरियटचंच पाहा. १९२७ साली वॉशिंग्टनमध्ये रूट बिअर या पेयाच्या छोट्याशा दुकानापासून हे घराणं सुरू झालं. पहिलं हॉटेल काढायला त्यांना १९५७ उजाडलं. १९९३मध्ये कंपनीने स्वतःचे सरळ दोन भाग केले. इमारती एका कंपनीकडे, चालवण्याचं काम आणि नाव दुसऱ्या कंपनीकडे. ही दुसरी कंपनी म्हणजे आजची मॅरियट इंटरनॅशनल. तिच्या छत्राखाली जगभरात नऊ हजारांहून अधिक हॉटेलं आणि तिसाहून अधिक नावं आहेत, आणि त्यांतली अगदी मोजकी तिच्या मालकीची आहेत. २०१६मध्ये तिने स्टारवुड विकत घेतली, तेव्हा शेरेटन, वेस्टिन आणि सेंट रेजिसही तिच्याच घरात आले. म्हणून जुहूचं जेडब्ल्यू मॅरियट, लोअर परळचं सेंट रेजिस आणि गोरेगावचं वेस्टिन यांची तुलना करताना आपण एकाच घरातल्या भावंडांची तुलना करत असतो. मालक मात्र तिघांचे तीन. गोरेगावच्या वेस्टिनचे मालक ओबेरॉय रिअल्टी, आणि त्यांचा ओबेरॉय हॉटेलांशी काहीही संबंध नाही!

नरिमन पॉइंटवर याच्या उलट गंमत आहे. मरीन ड्राइव्हच्या टोकाला, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर १९७३मध्ये एक पस्तीस मजली हॉटेल उभं राहिलं, ओबेरॉय शेरेटन. पुढे ते ओबेरॉय टॉवर्स झालं. २००४मध्ये हिल्टनशी हातमिळवणी झाली आणि ते हिल्टन टॉवर्स झालं. २००८मध्ये ती संपली, तेव्हापासून ते ट्रायडंट आहे. चार नावं झाली, पण घर ओबेरॉयांचंच राहिलं. दरम्यान शेरेटन हे नाव आयटीसीच्या सोबतीला गेलं. सहार विमानतळाजवळचं आजचं आयटीसी मराठा २००१मध्ये उघडलं ते ग्रँड मराठा शेरेटन म्हणून. म्हणजे मुंबईत इमारती जागच्या जागी असतात आणि नावं शहरभर फिरत राहतात.

मग या फिरत्या नावाला पैसे का मोजायचे? कारण त्या नावाबरोबर एक वचन येतं, आणि ते वचन हजारो मैलांवरच्या, वेगवेगळ्या मालकांच्या खोल्यांत सारखं पाळून दाखवण्याची विद्या या साखळ्यांनी खरोखर कमावली आहे. ती पाहायची तर पलंग पाहावा.

तीसेक वर्षांपूर्वीच्या मोठ्या हॉटेलातल्या पलंगावर गडद, फुलाफुलांचं जाड पलंगपोस असायचं. गडद का, तर डाग दिसू नयेत म्हणून. ते प्रत्येक पाहुण्यानंतर धुतलं जात नसे. १९९९मध्ये वेस्टिनने आपल्या खोल्यांत वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र पलंग आणला. गादी, चादरी, उशा, रजईचा अभ्रा, सगळं पांढरं. पांढऱ्यावर एक केससुद्धा लपत नाही. जे लपवायचं तेच उघडं करून दाखवायचं, हा तो विचार होता. पाहुण्यांना तो इतका पटला, की बघता बघता बाकीच्या साखळ्याही त्याच वाटेने गेल्या. आज कुठल्याही नावाच्या हॉटेलात पांढराच पलंग दिसतो. लाँड्रीचाही फायदा झाला. सगळं कापड एकत्र, कडक गरम पाण्यात, ब्लीच घालून धुता येतं आणि रंग जुळवत बसावं लागत नाही.

आता तो पलंग घालणारी व्यक्ती पाहा. हाउसकीपिंगचा रूम अटेंडंट दारावर टकटक करतो, हाउसकीपिंग म्हणून हाक देतो, थांबतो, पुन्हा टकटक करतो. ट्रॉली दाराला लावतो. आधी पडदे उघडतो, मग वापरलेलं कापड काढतो. नवी चादर एका झटक्यात हवेत फुलवून गादीवर टाकतो. पायथ्याची बाजू खाली दुमडतो, कडेचं कापड तिरकं उचलून गादीवर धरतो, लोंबणारा भाग आत सारतो, मग धरलेलं कापड खाली सोडून तेही आत सारतो. कोपऱ्यावर पंचेचाळीस अंशांची धारदार घडी उमटते. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडून दिसणार नाही अशा बाजूला ठेवायचं. न्हाणीघरातल्या टॉवेलची घडी कुणीकडे, टेबलावर पेन कुठे, सगळं ठरलेलं. मग सुपरवायझर येऊन यादीबरहुकूम तपासणार. एका पाळीत अशा डझनभर किंवा त्याहून थोड्या अधिक खोल्या होतात. आपण दार उघडून आत जातो आणि म्हणतो, वा, छान आहे. त्या ‘छान’मागे किती हातांची शिस्त असते!

खोली सगळीकडे इतकी एकसारखी झाली, तर दोन हॉटेलांच्या भाड्यात दुपटीचा फरक का पडतो? याचं उत्तर शोधायला नरिमन पॉइंटसारखी जागा नाही. तिथे ट्रायडंट आणि १९८६मध्ये उघडलेलं ओबेरॉय अगदी खेटून उभे आहेत, आतून एकमेकांना जोडलेले. मालक एक, चालवणारे एक, समोरचा समुद्रही एकच. तरी ओबेरॉयचं भाडं बरंच चढं. ट्रायडंटमध्ये पाचशेहून अधिक खोल्या आहेत, ओबेरॉयमध्ये तीनशेहूनही कमी. मोठ्या हॉटेलात कॉन्फरन्सची माणसं, विमान कंपन्यांची माणसं, सकाळी नाश्त्याला गर्दी. लहान हॉटेलात खोलीमागे माणसं जास्त, बटलर चोवीस तास. म्हणजे वरच्या रकमेत आपण संगमरवर कमी आणि माणसं जास्त विकत घेतो. कामाच्या बैठकीसाठी येऊन दिवसभर बाहेर राहणाऱ्याला ट्रायडंट पुरेसं आहे, असं माझं स्पष्ट मत. आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असेल तर भिंतीपलीकडे जावं.

माणसांचा विषय निघाला की कुलाब्याला जावंच लागतं. ताज महाल पॅलेस १६ डिसेंबर १९०३ला उघडलं. गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला १९२४मध्ये, म्हणजे हॉटेल गेटवेपेक्षा जुनं. आराखड्यावर सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांची नावं आहेत. काम पुढे डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. इथे नाव, कंपनी आणि ती चालवणारं घराणं एकच, टाटांचं. त्याचा अर्थ काय होतो हे २६ नोव्हेंबर २००८ला हॉटेलवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा साऱ्या जगाने पाहिलं. पाहुण्यांना वाट दाखवत, आडोसा देत कर्मचारी आत थांबले, आणि त्यांतल्या कित्येकांनी प्राण गमावले. त्यांनी असं का केलं, याचा शोध रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांनी घेतला. तो हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूच्या डिसेंबर २०११च्या अंकात आला आहे. चोवीस तासांच्या मुक्कामात पाहुण्याचा कर्मचाऱ्यांशी ४० ते ४५ वेळा संबंध येतो, असं त्यात म्हटलं आहे, आणि त्यातल्या बहुतेक वेळी वरिष्ठ कुणी बघत नसतो. नियमांचं पुस्तक तिथे कामाला येत नाही, माणूस येतो. म्हणून ताज महानगरांऐवजी लहान गावांतून मुलं निवडतं, आणि इतरत्र साधारण बारा महिन्यांचं असणारं प्रशिक्षण इथे अठरा महिने चालतं. मला तरी कुठल्याही लॉबीतल्या झुंबरापेक्षा हे अठरा महिने अधिक मोलाचे वाटतात.

ताजमध्येही एक गोष्ट विचारून घ्यावी, खोली जुन्या पॅलेस विंगमधली की सत्तरच्या दशकातल्या टॉवरमधली. पत्ता एकच, पण अनुभव दोन वेगळ्या काळांचा.

आता भाड्याकडे. आज पाहिलेला आकडा उद्या बदलतो तेव्हा आपल्याला फसवल्यासारखं वाटतं, पण त्यामागचं गणित मोठं सुंदर आहे. हॉटेलची रात्र म्हणजे नाटकाची खुर्ची. तिसरी घंटा झाली की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. १९७८मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने हे गणित संगणकावर बसवलं. किती जागा स्वस्तात द्यायच्या, किती शेवटच्या क्षणी येणाऱ्यासाठी राखायच्या, हा तो हिशेब. पुढच्या दशकात मॅरियटने ते हॉटेलांत आणलं. आज प्रत्येक मोठ्या हॉटेलात रेव्हेन्यू मॅनेजर नावाचा माणूस रोज हेच करतो. त्यामुळे बीकेसीतलं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं, हॉटेल मंगळवार-बुधवारी महाग आणि रविवारी नरम असतं, कारण तिथला पाहुणा कंपनीच्या कामाने येतो. जुहूला शनिवार-रविवार आणि लग्नाच्या तिथी महाग. जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा आसपासच्या हॉटेलांचे आकडे कुठच्या कुठे गेले होते. तुमची तारीख दोन दिवस मागेपुढे सरकणार असेल, तर नाव बदलण्याआधी तारीख बदलून पाहा.

कर विसरू नका. रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के. पडद्यावर २०,००० दिसत असतील तर बिल २३,६०० चं. नाश्ता त्यात आहे की नाही हेही तिथेच पाहावं, कारण चौघांच्या कुटुंबाला तोच फरक जाणवतो.

जागेचं गणित तर अगदी आता आता बदललं. पूर्वी सहारचं हॉटेल घेणारा मनातून दक्षिण मुंबईवर पाणी सोडायचा. ऑक्टोबर २०२५मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली. विमानतळाचं दोन नंबरचं टर्मिनल, सहार रोड, बीकेसी, वरळी, विधान भवन ही सगळी स्टेशनं एकाच मार्गावर. विधान भवनाला उतरलं की नरिमन पॉइंट जवळच. त्यामुळे तुलना करताना स्टेशनापासून पायी किती, हा आकडा मी आता भाड्याच्या शेजारी लिहितो. सामान मोठं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि शेवटी पुन्हा मालकाकडे यावं लागतं, कारण खोलीचं वय त्याच्या हातात असतं. करारात बहुधा अट असते की उत्पन्नातले चारेक टक्के बाजूला ठेवायचे आणि त्यातून गालिचे, गाद्या, फर्निचर बदलत राहायचं. पाच-सात वर्षांनी कापड आणि रंग, त्याच्या दुप्पट काळाने न्हाणीघरं. मालकाची तंगी झाली की सगळ्यात आधी हाच खर्च पुढे ढकलला जातो. विमानतळाजवळच्या हयात रीजन्सीला जून २०२१मध्ये काम थांबवावं लागलं, कारण मालक कंपनीकडून पगारापुरतेही पैसे येईनासे झाले होते. जगभरातली हयात त्या दिवशीही व्यवस्थित चालू होती. पाटी मजबूत असते तेव्हा भिंतीमागचा हिशेब तितकाच मजबूत असेलच असं नाही.

मोठ्या हॉटेलात नूतनीकरण मजल्यामजल्याने होतं. एकाच दिवशी, एकाच भाड्यात एका पाहुण्याला गेल्या वर्षीची खोली मिळते आणि दुसऱ्याला दहा वर्षांपूर्वीची. म्हणून साखळीच्या कॉल सेंटरला फोन न करता थेट त्या हॉटेलच्या रिझर्वेशनला करावा आणि विचारावं, कुठले मजले नवे केलेत आणि खोली कुठल्या बाजूला उघडते. ही माणसं दिवसभर नुसते भाव सांगून कंटाळलेली असतात. असा प्रश्न विचारणारा भेटला की ती आपणहून मजल्याचा आकडा सांगतात, आणि तुमच्या नावापुढे नोंदही करून ठेवतात.