जाळे कोणासाठी?





मागच्या पावसाळ्यात जव्हारकडच्या एका पाड्यावर गेले होते. रेशन दुकानासमोर तीसएक माणसे सकाळपासून बसलेली होती. दुकानात तांदूळ होता, दुकानदार होता, लोकांच्या हातात कार्डे होती. नव्हती ती फक्त रेंज. ई-पॉस मशीन हातात धरून दुकानदार कधी ओट्यावर, कधी आंब्याखाली, तर कधी समोरच्या टेकाडावर जाऊन उभा राहत होता.

दुपारनंतर थोडी रेंज आली आणि एका वारली आजीचा नंबर लागला. तिने अंगठा ठेवला. मग लुगड्याला पुसून पुन्हा ठेवला. मग दुसरे बोट लावले. मशीन दर वेळी नाहीच म्हणाले. जन्मभर भातलावणी केलेल्या हाताच्या रेघा शाबूत राहतील तरी कशा? आजी माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, मी हाय ना इथं? मंग मशीनला मी कशी दिसत नाय?”

त्या दिवशी आजी रिकामी पिशवी घेऊन घरी गेली. मी तिच्याशेजारी उभी होते आणि काही करू शकले नाही, कारण अशा वेळी नियम काय सांगतो हे मलाच ठाऊक नव्हते. या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा विषय शोधावा लागला नाही.

अंगठा जातो कुठे?

आधी हे मशीन काय करते ते समजून घेऊ. दुकानातल्या मशीनमध्ये आजीची माहिती साठवलेली नसते. तिच्या बोटाचा ठसा इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जातो. तिथल्या आधारच्या नोंदीशी तो ताडून पाहिला जातो आणि ‘जुळला’ किंवा ‘जुळला नाही’ एवढेच उत्तर परत येते. टॉवरची वीज गेली, दरड कोसळून केबल तुटली, बोट झिजलेले असले, यांपैकी काहीही झाले तरी पाड्यावर परिणाम एकच: तांदूळ मिळत नाही.

इंटरनेटचे स्वातंत्र्य म्हटले की आपल्याला शहरातले पत्रकार, वकील आणि न्यायालये आठवतात. मलाही तो आपल्या कामाबाहेरचा विषय वाटायचा. पण आता रेशन, मजुरी, शिष्यवृत्ती, अंगणवाडीचा आहार हे सगळे त्याच वाटेने येते. ही वाट कोणाच्या मालकीची, ती कोण बंद करू शकतो आणि त्या वाटेने गेलेली आपली माहिती कोणाच्या हाती पडते, हे प्रश्न त्यामुळे पाड्याचेही झाले आहेत.

वाट सर्वांना सारखी

पहिला प्रश्न वाटेचा. २०१५ मध्ये फेसबुकने एका मोबाइल कंपनीच्या साहाय्याने भारतात एक योजना आणली. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. डेटाचे पैसे न भरता काही निवडक संकेतस्थळे पाहता येतील, अशी ती योजना होती. प्रामाणिकपणे सांगते, त्या वेळी मला ती चांगली वाटली होती. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडे मिळाले तर काय वाईट?

मग एकाने मला साधे उदाहरण दिले. समजा, तुमच्या पाड्यावर फुकट एसटी सुरू झाली. पण ती ठरावीक चार गावांनाच थांबणार आणि कोणती चार, ते गाडी सोडणारा ठरवणार. तुमचा दवाखाना त्या चार गावांत नसेल, तर त्या फुकट गाडीचा उपयोग काय? शिवाय लहानपणापासून तीच गाडी पाहिलेल्या मुलाला जगात चारच गावे आहेत असे वाटू लागेल.

देशभरातून लाखो लोकांनी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेकडे आपली मते पाठवली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने आदेश काढला की, इंटरनेटवर काय पाहिले जाते यावरून डेटाचे दर वेगवेगळे ठेवता येणार नाहीत. फ्री बेसिक्स भारतात बंद झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर स्पर्धा वाढली आणि डेटाचे दर झपाट्याने खाली आले. गरिबाच्या मोबाइलवर पूर्ण इंटरनेट पोहोचले, आणि त्यासाठी कोणी निवडून दिलेले चार थांबे स्वीकारावे लागले नाहीत.

सेवाकार्य करणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून शिकण्यासारखे आहे. गरिबाला काय हवे ते आपणच ठरवून त्याच्या हातावर ठेवण्याचा मोह आपल्यालाही होतो.

बंद करण्याचा खटका

दुसरा प्रश्न: वाट बंद कोण करू शकतो? दंगल किंवा अशांतता पसरेल या कारणाने सरकार एखाद्या भागातील इंटरनेट बंद करू शकते. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये असेच झाले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जानेवारी २०२० रोजी निकाल आला. इंटरनेटवरून आपले मत मांडणे आणि व्यवसाय करणे यांना राज्यघटनेचे संरक्षण आहे, असे न्यायालयाने सांगितले. इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश लोकांसमोर जाहीर करावे लागतील, हेही स्पष्ट केले. आता नियमानुसार असा एक आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त काळ चालू शकत नाही. मात्र नवा आदेश काढून बंदी वाढवता येते.

मणिपूरमध्ये तेच झाले. मे २०२३ मध्ये तिथे हिंसाचार उसळला आणि इंटरनेट बंद झाले. मोबाइल इंटरनेट तर कित्येक महिने बंद राहिले. आपण तेव्हा मंडळीमंडळीतून प्रार्थना केल्या. पण काय घडते आहे हे तिथल्या लोकांना जगाला सांगता येत नव्हते. मे महिन्याच्या सुरुवातीला स्त्रियांवर झालेल्या अत्याचाराची चित्रफीत जुलैमध्ये बाहेर आली, तेव्हा देश हादरला.

अफवांमुळे जीव जातात हे खरे आहे आणि त्या थांबवण्याची सरकारची जबाबदारीही खरी आहे. पण खटका खाली ओढला की अफवेबरोबर सत्यही थांबते. आणि ज्या गावात तांदूळही इंटरनेटवरूनच मिळतो, तिथे नुसते निरोप थांबत नाहीत, चूलही थांबते.

माझ्या कपाटातली वही

तिसरा प्रश्न आपल्या माहितीचा. इथे मला माझीच चूक सांगायची आहे.

आमच्या केंद्रात आम्ही लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. बँकेचे, शिष्यवृत्तीचे, जातीच्या दाखल्याचे. सोय व्हावी म्हणून मी एका वहीत प्रत्येकाचा आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि पासवर्ड लिहून ठेवत असे. कार्डांचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये असत. लोकांचा विश्वास होता, माझा हेतू चांगला होता. एकदा बसमध्ये माझी पर्स राहिली. ती संध्याकाळी परत मिळाली, मोबाइलही मिळाला. पण त्या चार तासांत मला कळले की, कितीतरी कुटुंबांचे दार मी एका पर्समध्ये घालून फिरत होते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. हे हक्क बंगल्यात राहणाऱ्याइतकेच कुडाच्या घरात राहणाऱ्याचेही आहेत. वही मी जाळून टाकली आणि फोटो पुसले. आता पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे राहतो. वेळ जास्त जातो, पण माणूस स्वतःचा अर्ज स्वतः उघडायला शिकतो.

दुसरा बदल आमच्या मुलींच्या वसतिगृहात केला. तिथे मोबाइलला पूर्ण बंदी होती. केरळमध्ये एका विद्यार्थिनीने संध्याकाळी मोबाइल न वापरण्याचा नियम मानायला नकार दिला, म्हणून तिला महाविद्यालयाच्या वसतिगृहातून काढले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. हे वाचल्यावर आम्ही पालकांना आणि मुलींना एकत्र बसवले. आता मोठ्या मुलींना रोज ठरावीक वेळ मोबाइल मिळतो. फसवणूक कशी ओळखायची, अनोळखी माणसाला फोटो का पाठवायचा नाही, हे आम्ही सोबत बसून शिकवतो. काळजी अजूनही वाटते. पण नुसत्या कुलपाने मुली शहाण्या होत नाहीत.

पुढे काय येणार?

पुढच्या काळात अशी जोडलेली यंत्रे वाढणारच. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाइलवर फोटो काढून घेण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांना लागू झाली. अंगणवाडीच्या घरपोच आहारासाठी २०२५ मध्ये चेहरा ओळखण्याची पद्धत आली. उपग्रहावरून थेट डोंगरात इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनाही परवाने मिळू लागले आहेत. यांतले बरेच उपयोगाचे आहे. खोटी हजेरी थांबावी, आहार खऱ्या मुलापर्यंत पोहोचावा, हे कोणाला नको आहे?

याचे चांगले नमुनेही आहेत, आणि एक तर आपल्याच पालघर जिल्ह्यातला आहे. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने टीव्हीसाठी राखलेल्या पण न वापरलेल्या लहरींवरून इथल्या खेड्यांपर्यंत इंटरनेट आणून दाखवले. या लहरी झाडाझुडपांतून आणि चढउतारांवरून लांब जातात. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिला क्रमांक मिळाला. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० च्या सुमारास ‘सीजीनेट स्वर’ सुरू झाले. साध्या फोनवरून आदिवासी बांधव गोंडीसारख्या स्वतःच्या बोलीत आपली तक्रार नोंदवतात आणि इतर ती ऐकतात. तिथे लिहिता-वाचता येण्याची अट नाही, महागड्या मोबाइलची नाही. यंत्र माणसाकडे आले, माणसाला यंत्राकडे धावावे लागले नाही.

शब्बाथाच्या दिवशी शिष्यांनी कणसे मोडली म्हणून परूशी रागावले, तेव्हा प्रभूने त्यांना काय उत्तर दिले ते आपल्याला ठाऊक आहे. नियम माणसाच्या भल्यासाठी असतो, भुकेल्याला अडवण्यासाठी नव्हे. हीच कसोटी प्रत्येक यंत्राला लावावी. अंगठा जुळला नाही, तर चूक आजीची नाही. तिच्या हक्काला दुसरी वाट ठेवली नाही, ही चूक आहे.

आपण काय करू शकतो?

अशी वाट खरे तर कागदावर आहे. अंगठा जुळला नाही किंवा रेंज नाही एवढ्यावरून कोणालाही धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्येच सर्व राज्यांना दिल्या आहेत. शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून वेगळ्या नोंदवहीत नोंद करून धान्य देता येते. हे मला त्या दिवशी माहीत असते, तर आजीची पिशवी रिकामी गेली नसती. पुढच्या आठवड्यात आम्ही तिच्यासोबत तालुक्याला गेलो, लेखी अर्ज दिला आणि तिचे त्या महिन्याचे धान्य तिला मिळाले. पण त्यासाठी तिची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या मंडळीतील तरुणांनी हा नियम गावात सांगावा. धान्य नाकारले तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते. मोबाइलवरून पैशांची फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० ला फोन करावा. ग्रामसभेत टॉवरची मागणी करताना एक वाक्य आणखी जोडावे: रेंज नसेल त्या दिवशी कामे कशी चालतील, तेही लिहून द्या. आणि दुसऱ्याचा अर्ज भरताना त्याचा पासवर्ड आपल्या वहीत लिहू नये.

आजीचे धान्य आता तिच्या नातवाच्या अंगठ्यावर मिळते. तो सातवीत आहे आणि रेशनच्या दिवशी त्याची शाळा बुडते. हे अजून सुटलेले नाही. त्याच्यासाठी आणि रेंजची वाट पाहत ओट्यावर बसलेल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करावी, ही विनंती.

प्रभूमध्ये आपली,
एक सेविका