शेताचा चढउतार आंकड्यांत कसा मांडावा

सातबाराच्या उताऱ्यावर शेताचें क्षेत्र, आकारणी, पीक व कब्जेदाराचें नांव हीं सर्व असतात. परंतु शेताचा चढ कोणीकडे आणि उतार कोणीकडे, ह्याविषयीं तो एक अक्षरहि बोलत नाहीं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. असे उतारे आमच्या हातून असंख्य लिहिले गेले. पण पावसाचें पाणी कोणत्या कोपऱ्यांतून माती घेऊन जातें, हें त्यांपैकीं एकावरूनहि सांगतां आलें नसतें. ही उणीव गणिताच्या साह्यानें कशी भरून काढतां येते, तें कृषिबंधूंस सांगण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

आपल्याकडील जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची व तिचे आणे १६. साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच गुंठा; आणि ४० गुंठ्यांचा एकर. मोजतांना साखळी समपातळींत धरावयाची, म्हणून डोंगरउताराची जमीनहि नकाशांत सपाट होऊन बसते. क्षेत्रापुरता ह्यांत विशेष तोटा नाहीं. शंभर फुटांत दहा फूट उतरणाऱ्या एकरभर जमिनीचा खरा पृष्ठभाग अवघा पंचमांश गुंठाच अधिक भरतो. तोटा होतो तो पाण्याच्या हिशेबांत.

पृष्ठभाग गणितांत मांडावयाचा म्हणजे प्रत्येक ठिकाणास तीन आंकडे द्यावयाचे: दोन जागेचे व तिसरा उंचीचा. स्कॉटलंडांतील शिहॅलियन पर्वतावर १७७४ सालीं मॅस्केलीन ह्या ज्योतिषशास्त्रज्ञानें पृथ्वीचें घनत्व काढण्यासाठीं वेध घेतले. त्याकरितां पर्वताचें आकारमान ठाऊक असणें अवश्य होतें. गणिताचें काम चार्ल्स हटन ह्याजकडे आलें. त्याच्यापुढें ठिकठिकाणच्या उंच्यांचे आंकडे विखुरलेले पडले होते. त्यानें सारख्या उंचीचीं ठिकाणें रेषेनें जोडलीं, आणि कागदावर पर्वताचा आकार उमटला. आपण घालतों तो समपातळी बांध अशाच रेषेवरून जातो.

आतां हेंच काम संगणक करितो. जमिनीचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकास एक उंची द्यावयाची. त्यांवरून पाण्याची वाट काढण्याची एक सोपी रीत ओ'कॅलॅहन व मार्क ह्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केली. प्रत्येक चौकोनानें आपल्या आठ शेजाऱ्यांकडे पहावें व ज्याच्याकडे उतार सर्वांत तीव्र, त्यास पाणी द्यावें. समजा, चौकोन गुंठ्याचा आहे. मधल्याची उंची ५० फूट, पूर्वेकडील ४९.६ व आग्नेयेकडील ४९.५, बाकीचे सर्व उंच. आग्नेयेचा गुंठा अधिक खोल खरा. पण कर्णावरचें अंतर ४६.७ फूट पडतें. म्हणून तिकडे उतार शेंकडा १.०७, तर पूर्वेकडे १.२१. अर्थात् पाणी पूर्वेस वळतें. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजास हें सहसा उमगत नाहीं.

पुढें प्रत्येक गुंठ्यांत वरील किती गुंठ्यांचें पाणी येतें, हें मोजावयाचें. एक इंच पाऊस म्हणजे गुंठ्यावर सुमारें २,५७० लिटर पाणी. वरील तीस गुंठ्यांचें पाणी एका जागीं येत असेल, तर निम्में मुरलें तरी ३८ हजारांहून अधिक लिटर तेथून जातें. बांध फुटतो तो बहुधा अशाच ठिकाणीं. सांडवा तेथेंच पाहिजे. मात्र हिशेब अडूं नये म्हणून संगणक मधले खळगे बुजवून पुढें जातो. शेतांत शेततळें किंवा जुनी खाण असल्यास ती त्यास वेगळी सांगावी लागते.

ह्या उंच्या आणावयाच्या कोठून? फेब्रुवारी २००० मध्यें अमेरिकेच्या 'एन्डेव्हर' ह्या अवकाशयानानें ११ दिवसांत पृथ्वीच्या सुमारें ८० टक्के भूभागाच्या उंच्या रडारनें टिपल्या. आपल्या देशानें २००५ सालीं सोडलेल्या कार्टोसॅट-१ ह्या उपग्रहाच्या जोडचित्रांवरूनहि अशा उंच्या काढल्या आहेत. दोहोंचे आंकडे सुमारें ३० मीटरांच्या चौकोनांचे मिळतात. असा एक चौकोन जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. म्हणजे एकरास आंकडे जेमतेम चार-पांच! शिवाय प्रत्येक आंकड्यांत कांहीं मीटरांची चूक संभवते. गांवचें पाणलोट क्षेत्र माथ्यापासून पायथ्यापर्यंत ठरविण्यास हे नकाशे फार उपयोगी. परंतु हातभर उंचीचा बांध त्यांत दिसणारच नाहीं. केवळ अशा नकाशावरून बांध आंखणें म्हणजे पाण्यास आपणच वाट करून देणें होय.

म्हणून बांधाकरितां उंच्या आपल्या शेतांतच घ्याव्या. तेहतीस-तेहतीस फुटांवर खुंट्या माराव्या, म्हणजे गुंठ्यास एक आंकडा पडतो. पाणी भरलेली पारदर्शक नळी व मापाची पट्टी एवढ्यावर काम भागतें. नळींत हवेचा बुडबुडा राहिल्यास पातळी खोटी येते, तेवढें जपावें. जेथें उतार एकाएकीं बदलतो, तेथें एक खुंटी अधिक मारावी.

दोन खुंट्यांमधील उंची मात्र अंदाजानेंच भरावी लागते. दक्षिण आफ्रिकेंतील सोन्याच्या खाणींत क्रीग नांवाच्या अभियंत्यानें १९५१ सालीं मोजक्या नमुन्यांवरून मधल्या जागेंतील सोन्याचा अजमास काढण्याची रीत मांडली, व पुढें फ्रान्सांत माथेरों ह्यांनीं तिला शास्त्राचें रूप दिलें. जवळच्या मापास साधारणतः अधिक वजन, दूरच्यास कमी, हें तिचें मर्म. विहिरींच्या पाण्याची पातळी किंवा मातींतील स्फुरद ह्यांचे नकाशेहि ह्याच रीतीनें होतात. नकाशा कितीहि सुबक असो, मापें कोठें व किती घेतलीं, हें आधीं विचारावें. माप जेथें नाहीं, तेथील रेषा हा अंदाज होय. आणि पाऊस अंदाजाप्रमाणें वाहत नाहीं, जमिनीप्रमाणें वाहतो.