मनाईचा फलक आणि साक्षीचा डोळा



आगगाडीच्या वा मेट्रोच्या स्थानकात 'छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे' असा फलक आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच फलाटावर ध्वनिक्षेपक सांगत असतो की, बेवारशी वस्तू अथवा संशयास्पद हालचाल दिसल्यास ताबडतोब कळवा. म्हणजे प्रवाशाने डोळे उघडे ठेवावेत, परंतु पाहिलेले टिपून मात्र ठेवू नये! या दोन सूचनांचा मेळ कसा घालायचा, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

प्रथम कायदा पाहू. इंग्रजी अमदानीत, १९२३ साली, शासकीय गुपितांचा कायदा झाला व तो आजही चालू आहे. त्यातील 'रेखाचित्र' या शब्दाच्या व्याख्येत छायाचित्रही येते. केंद्र सरकारने राजपत्रात तसे जाहीर केल्यास एखादा रेल्वेमार्ग किंवा त्यावरील बांधकाम 'निषिद्ध स्थळ' ठरू शकते. पण त्याच कायद्याचे तिसरे कलम राष्ट्राच्या सुरक्षिततेस वा हितास बाधक अशा हेतूने वागणाऱ्याबद्दल बोलते. कायदा हेतू विचारतो. भिंतीवरचा फलक तो विचारीत नाही. गावी निघालेल्या आईचा खिडकीतला फोटो घेणारा मुलगा आणि घातपाताची आखणी करणारा इसम हे दोघे त्या फलकापुढे सारखेच.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. ११ मार्च २००४ रोजी माद्रिद येथे आगगाड्यांत बाँबस्फोट होऊन १९० हून अधिक माणसे मेली. त्यानंतर दोन महिन्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या चालकांनी गाड्यांत व स्थानकांत छायाचित्रे काढण्यास बंदी घालण्याचे सुचविले. सवलत होती ती मुख्यतः ओळखपत्रधारक वृत्तपत्रीय छायाचित्रकारांना. योगायोग असा की, १९०४ साली सुरू झालेल्या त्या रेल्वेचे ते शताब्दीवर्ष होते. लोकांनी विरोध कसा केला? हातात कॅमेरे घेऊन ते गाडीत बसले आणि उघडपणे फोटो काढीत गेले. अखेर मे २००५ मध्ये प्रस्ताव मागे घेण्यात आला. तेथील मूळ नियमच कायम राहिला, आणि तो साधा आहे: छायाचित्रे काढा, पण दिवे, परावर्तक, तिपाई असला सरंजाम आणून इतरांची वाट अडवू नका.

न्यूयॉर्कमध्ये वाद झाला तो कागदावरच्या धोक्याचा. आपल्या मुंबईत प्रत्यक्ष कसोटीची रात्र आली ती २६ नोव्हेंबर २००८ ची. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन हल्लेखोरांनी गोळीबार केला आणि पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या वेळी उद्घोषकाच्या खोलीत बसलेले रेल्वे कर्मचारी विष्णू झेंडे यांनी जागा सोडली नाही. लोकलमधून उतरणाऱ्या प्रवाशांना ते मागच्या बाजूने बाहेर पडण्यास सांगत राहिले. 'मुंबई मिरर' या वृत्तपत्राचे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा यांनी उभ्या गाडीच्या डब्याचा आडोसा घेऊन हल्लेखोरांची छायाचित्रे काढली. हातात बंदूक घेतलेल्या अजमल कसाबचे त्यांनी टिपलेले चित्र साऱ्या जगाने पाहिले. २००९ साली त्यांनी विशेष न्यायालयात साक्ष दिली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम करताना ती छायाचित्रे पुराव्यात महत्त्वाची मानली.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले व १८० हून अधिक प्रवासी मेले. २०१५ साली बाराजणांना शिक्षा झाली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांस निर्दोष ठरविले, आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. काही साक्षीदारांनी शंभराहून अधिक दिवसांनंतर चेहरे ओळखले होते. ती ओळख उच्च न्यायालयाला भरवशाची वाटली नाही. एखादे छायाचित्र असते तर निकाल अमुकच लागला असता, असे मी म्हणत नाही. परंतु माणसाची आठवण पुसट होते, चित्र तसे होत नाही, एवढे तर दिसतेच.

मग कसलेच बंधन नको काय? तसे मुळीच नाही. भरधाव गाडी फलाटात शिरत असताना मोटरमनच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणे हा शेकडो जिवांशी खेळ आहे. तो बंदच हवा. सिग्नल यंत्रणेच्या आणि नियंत्रणाच्या खोल्यांत परक्याने जाऊ नये, मग त्याच्या हातात कॅमेरा असो वा नसो. रुळांत उतरून फोटो काढणारा स्वतः मरतो आणि मोटरमनच्या मनावर जन्माचा घाव ठेवून जातो. बाईमाणसाचा तिच्या इच्छेविरुद्ध फोटो घेणाऱ्यास जरूर आवरावे. पण तो तिच्या अब्रूचा प्रश्न आहे, राष्ट्राच्या सुरक्षिततेचा नव्हे. ही सारी बंधने कृत्यावर आहेत, आणि प्रत्येकाचे कारण सांगता येते. ज्या मनाईचे कारण सांगता येत नाही, ती हळूहळू पहारेकऱ्याच्या मर्जीची होते.

कामगार चळवळीत ही मर्जी मी जवळून पाहिली आहे. एका आगारात कामगार तुटक्या पायरीवरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. त्याच्या जोडीदाराने त्या पायरीचा मोबाइलवर फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी पायरी नवी झाली, आणि 'प्रतिबंधित जागेत चित्रण केले' म्हणून जोडीदाराला नोटीस मिळाली. चौकशीत साहेब म्हणाले, पायरी पहिल्यापासूनच धड होती. आम्ही तो फोटो टेबलावर ठेवला, तेव्हा कोठे जखमीला भरपाई मिळाली. नोटीस मागे घ्यायला लावण्यात मात्र आमचे आणखी चार महिने गेले.

म्हणून माझे म्हणणे इतकेच: फलक लावायचा असेल तर त्यावर काय करू नये, कोठे करू नये व का करू नये, हे तिन्ही लिहावे. ज्याच्या मनात घात आहे तो फलक वाचून परत फिरत नाही. फलक पाळतो तो सरळ माणूस, आणि अपघात झाला, हल्ला झाला, अन्याय झाला, तर साक्षीला उभा राहणाराही तोच असतो.