जाळ्याची किंमत आणि जिवाचे अभय

जंगलातील वाघ मोजण्यासाठी आज ठिकठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले जातात. समुद्रातील माशाची गणना इतकी सुलभ नाही. एखादा दुर्मीळ मासा कोणत्या महिन्यात किनाऱ्याजवळ येतो, वाढतो आहे की कमी होतो आहे, हे ठाऊक असते ते रोज पाण्यावर जाणाऱ्यांना : मच्छीमार तांडेलांना, हौशी गळकऱ्यांना बोटीतून नेणाऱ्यांना आणि पर्यटकांना पाण्याखाली उतरवणाऱ्या स्कूबा व्यावसायिकांना. म्हणूनच संरक्षित माशांविषयीची पाहणी बहुधा एका साध्या कृतीने सुरू होते. या मंडळींकडे जाऊन त्यांना विचारावे लागते. मात्र ज्या माशाला पकडणे हा गुन्हा आहे, त्याच्याविषयी कोणी खरे उत्तर का द्यावे?

या प्रश्नाचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे व्हेल शार्क. हा जगातील सर्वांत मोठा मासा. पूर्ण वाढीचे काही मासे बारा मीटर किंवा त्याहूनही लांब आढळतात. देह एवढा प्रचंड असूनही त्याचा आहार पाण्यातून गाळून घेतलेले सूक्ष्म जीव आणि लहान मासे एवढाच. माणसाला त्याच्यापासून उपद्रव नाही. त्याची वाढ मंद असते आणि प्रजननक्षम होण्यास त्याला दीर्घ काळ लागतो. त्यामुळे मारल्या गेलेल्या प्रत्येक माशाची भरपाई निसर्गाकडून फार विलंबाने होते.

गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर, विशेषतः वेरावळच्या परिसरात, विसाव्या शतकाच्या अखेरीस या माशाची मोठी शिकार होत असे. यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला पाणी लागू नये म्हणून वापरले जाई आणि मांस परदेशी जाई. शिकारीत तरंगण्यासाठी पिंपे बांधत, म्हणून माशाचे नावच 'बॅरल' पडले होते. माईक पांडे यांच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटाने ही शिकार जगापुढे आणली. ट्रॅफिक-इंडिया या संस्थेनेही या मासेमारीची व व्यापाराची पाहणी केली. २००१ मध्ये केंद्र सरकारने व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत केला. या कायद्याचे संरक्षण लाभलेला हा भारतातील पहिला मासा होय.

कायदा झाला, परंतु तो किनाऱ्यावर पोहोचला नव्हता. लोकांना विचारले असता, हा मासा संरक्षित आहे याची जाणीव फार थोड्यांना असल्याचे दिसून आले. त्यातून २००४ मध्ये गुजरात वनविभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम आरंभली. कथाकार मोरारी बापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि 'बॅरल'ची 'व्हाली', म्हणजे लाडकी, झाली. माहेरी आलेल्या लेकीला कोण दुखावणार? दंडाच्या भीतीने जे साधले नव्हते, ते नात्याच्या एका शब्दाने साधू लागले.

तथापि केवळ भावनेवर संसार चालत नाही. व्हेल शार्क जाळ्यात अडकला तर त्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते. जाळे हे मच्छीमाराचे भांडवल असते, आणि अनेकदा ते कर्जाऊ रकमेतून उभे केलेले असते. ते कापून मुक्तता करणाऱ्याने तोटाही सोसावा, असे म्हणणे अन्यायाचे होते. म्हणून गुजरात सरकारने कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्यास प्रारंभ केला. आरंभी खातरजमा करण्यासाठी वनकर्मचारी येईपर्यंत मासा जाळ्यातच अडकून राही. २०१२ च्या सुमारास मच्छीमारांच्या हाती कॅमेरे देण्यात आले. छायाचित्र हाच पुरावा ठरला आणि माशाची सुटका लवकर होऊ लागली. आजवर नऊशेहून अधिक व्हेल शार्क गुजरातच्या किनाऱ्यावर मुक्त झाले आहेत.

महाराष्ट्रानेही हाच मार्ग स्वीकारला. डिसेंबर २०१८ पासून वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्या योजनेतून संरक्षित सागरी प्राण्याच्या सुटकेसाठी कापलेल्या जाळ्याबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पहिल्या सुमारे तीन वर्षांत अडीचशेहून अधिक प्राण्यांची सुटका झाली आणि मच्छीमारांना सुमारे ४० लाख रुपये देण्यात आले. सुटलेल्यांत समुद्री कासवे सर्वाधिक होती. व्हेल शार्कही होते.

या योजनेतील एक मर्म जीवदयेची परंपरा असलेल्या कुटुंबांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. बाजारात विकायला आणलेला जीव पैसे देऊन सोडवणे हे पुण्यकर्म खरे, पण व्यवहाराच्या दृष्टीने त्यात एक धोका दडलेला असतो. विकत घेणारा भेटला की विकणारा दुसऱ्या दिवशी आणखी पकडून आणतो. दयेतूनच मागणी जन्माला येते. इथे रक्कम दिली जाते ती जाळ्याच्या नुकसानीची. माशाची किंमत कोणी ठरवत नाही, म्हणून त्याला मुद्दाम पकडण्यात लाभ नाही आणि तो सोडून देण्यात तोटाही नाही. अभयदान आणि जमाखर्च यांचा असा मेळ क्वचितच दिसतो.

भरपाईचा दुसरा लाभ माहितीच्या रूपाने मिळतो. प्रत्येक दाव्यासोबत प्राण्याची जात, ठिकाण, दिनांक आणि छायाचित्र यांची नोंद होते. जी गोष्ट पूर्वी शिक्षेच्या भीतीने झाकली जाई, ती आता मच्छीमार स्वतःहून सांगतो.

पाण्यावरील सर्वांचे हितसंबंध मात्र सारखे नसतात. अमेरिकेतील फ्लोरिडात गोलायथ ग्रूपर नावाच्या महाकाय माशाच्या शिकारीवर १९९० मध्ये बंदी आली. पुढे त्याची संख्या सावरू लागली, तशी गळाने मासेमारी करणाऱ्यांची तक्रार वाढली की हा मासा गळाला लागलेले मासे हिसकावून नेतो. पाणबुड्यांना मात्र तोच मासा पाहायचा होता आणि त्यासाठी ते पैसे मोजायला तयार होते. अभ्यासकांनी दोन्ही गटांची मते जाणून घेतली. अखेर २०२३ पासून तेथे लहान आकाराचे मासे मोजक्या परवान्यांवर पकडण्याची मुभा देण्यात आली. मासा एकच, पण एकाच्या वहीत तो नावे पडतो आणि दुसऱ्याच्या वहीत जमा होतो. एकाच गटाला विचारून काढलेला ताळेबंद अपुराच राहणार.

आपल्याकडे मालवणला हे दोन्ही गट एकाच किनाऱ्यावर नांदतात. १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा उपजीविकेवर गदा येईल या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पुढे मालवण-तारकर्ली परिसरात स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय वाढला आणि जिवंत मासा व प्रवाळ दाखवून मिळणारे उत्पन्न अनेक घरांचा आधार बनले. मेलेला मासा एकदाच विकला जातो. जिवंत मासा हंगामामागून हंगाम प्रवासी आणतो. परंतु हे उत्पन्न स्कूबाच्या बोटीवर जमा होते आणि कापलेले जाळे रापणकराच्या अंगणात पडते. ज्याला लाभ होतो तो वेगळा, ज्याला तोटा होतो तो वेगळा. भरपाई नेमकी ही दरी सांधते. ती वेळेवर मिळाली तरच ती सांधली जाते. लांबलेली भरपाई ही बुडालेल्या उधारीसारखी. पुढच्या वेळी तोच तांडेल छायाचित्र न काढता गप्प राहील, आणि नोंदवहीत मासा कमी झाला की नोंद कमी झाली, हे कोणालाच कळणार नाही.

बालाघाटच्या डोंगरातील कपिलधारच्या धबधब्यापासून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. बीडच्या बाजारपेठेत बसलेल्या व्यापाऱ्याने व्हेल शार्क पाहिलेलाही नसतो. तरीही त्याच्या गादीवरचा जुना नियम येथे लागू पडतो : ज्याच्याकडून खरा हिशोब हवा, त्याला खरे बोलल्याचा दंड होता कामा नये. मुनिमाने तूट प्रांजळपणे सांगितली म्हणून त्याचा पगार कापला, तर पुढे तूट दिसायची बंद होते. थांबत मात्र नाही. समुद्राच्या वहीतही तसेच आहे. जीव वाचवणाऱ्याला तोटा होणार नाही, एवढी व्यवस्था समाजाने केली, तर अहिंसा काठावर उपदेशापुरती उरत नाही. ती भर समुद्रात, जाळे कापणाऱ्या खलाशाच्या हातात पोहोचते.