जांभूळ तेवढं सापडलं

भीमाशंकरच्या रानातल्या आहुप्याच्या देवराईत खोडावरचं शेवाळ खरवडून पाकिटात भरत होतो, तर गावातल्या एका आजोबांनी हटकलं, "लाकूड नाही ना नेत?" देवराईतली काटकीसुद्धा बाहेर जात नाही. शेवाळ बघून ते हसले. पण त्या मूठभर शेवाळात गेल्या काही वर्षांचे पराग अडकलेले असतात. समोरच्या झाडांपैकी कोण किती उतरतं हे आधी इथे ताडून पाहायचं, मगच जुन्या गाळातल्या परागांवर बोलायचं. गाळही बारमाही ओला हवा. चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडी अशी तांबडी माती पराग कुजवून टाकते.

पुण्यात आल्यावर शेवाळ कॉस्टिक पोटॅशमध्ये तापवलं, चाळलं. मग नऊ भाग ॲसेटिक ॲनहायड्राइडला एक भाग सल्फ्युरिक ॲसिड. नळीत पाण्याचा थेंब राहिला तर मिश्रण उसळतं, तेव्हा घाई नको. उरतात ती परागांची चिवट कवचं. ग्लिसरीनचा थेंब, वर काच, चारशेपट भिंग.

पहिल्याच रांगेत जांभूळ: इवलासा त्रिकोण, चटकन ओळखू येणारा. पुढे सहा चिरांचा दाणा, त्यातल्या तीनच खऱ्या. अंजनी की हिरडा? दोघांची कुळं वेगळी, दाणे मात्र सारखे, म्हणून वहीत दोघांचं खातं एकच. बाळहिरडा वेचून जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांत चार पैसे येतात, त्या झाडाला स्वतःचा रकाना नाही! गवतांचंही तेच. भात, नाचणी, वरई, बांधावरचं कुसळ, सगळ्यांचा एका छिद्राचा गोल दाणा.

तरी मोजायचं. शंभरापर्यंत नवे प्रकार भराभर येतात, पुढे एकेकासाठी डोळे शिणतात. जास्त मोजलं की प्रकार वाढणारच. त्यामुळे गाळाच्या एका थरात सहाशे आणि दुसऱ्यात तीनशे दाणे मोजले असतील, तर सहाशेंतून कुठलेही तीनशे उचलल्यावर किती प्रकार हाती लागले असते, ते गणितानं काढतात आणि मग तुलना करतात.

भीमाशंकरच्या रानाला वनस्पतिशास्त्रज्ञ अंजनी-जांभूळ-पिसा या तिघांच्या नावानं ओळखतात. पिसा दालचिनीच्या कुळातला. त्याच्या परागाचं कवच इतकं नाजूक, की गाळात टिकत नाही आणि आमच्या नळीतूनही वाचत नाही. तीनशे दाणे झाले, पिसाची पाटी कोरी. पाकिटावरची नोंद पुन्हा वाचली. ते शेवाळ पिसाच्याच खोडावरचं होतं.