नाव पुसलेली नोंद : लाखनी तालुक्याच्या अनुषंगाने

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मध्य भारतात आढळतो, हे शुक्ला व सोलंकी ह्यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकातून प्रथम निदर्शनास आणले. भंडारा जिल्हा आज ह्या विकाराच्या पट्ट्यात गणला जातो, व लाखनी हा त्याच जिल्ह्यातील तालुका होय.

रुग्णालयाच्या दप्तरात तीव्र वेदनेने दाखल झालेला रोगी तेवढा दिसतो. जो वाहक आहे, परंतु कधीच आजारी पडत नाही, त्याची नोंद झालीच तर ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीत. गरोदरपणातील तपासण्या, बालकांचे लसीकरण, किरकोळ ताप हेही तेथेच. ह्या विकाराची खरी वाटचाल समजून घ्यावयाची तर संशोधकाला ह्याच वह्या हव्यात.

नावे वगळून त्या द्याव्यात, असे सहज सुचते. परंतु लहान गावात नावावाचून माणूस ओळखू येतो. गाव, वय, दुसरे बाळंतपण व 'वाहक' हा शेरा एवढे वाचले, की शेजारणीला अधिक काही सांगावे लागत नाही. वाहक हा रोगी नव्हे. तरीही असा शेरा फुटला तर धाकट्या बहिणीची सोयरीक मोडू शकते. अमेरिकेत लतान्या स्वीनी ह्यांनी १९९७ च्या सुमारास मतदारयादीशी ताळा घालून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची 'निनावी' वैद्यकीय नोंद हुडकून काढली होती. लाखनीच्या खेड्यात मतदारयादीचीही गरज नाही!

ह्यावर नेहमीचा उपाय असा : नावाऐवजी संकेतांक द्यावा, त्याची किल्ली केंद्रातच ठेवावी, वय गटाने लिहावे व गावाऐवजी तालुका नोंदवावा. मात्र आईवडील दोघेही वाहक असता प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून ह्या अभ्यासात गाव व नातेसंबंध हेच महत्त्वाचे, आणि नेमके तेच अशाने पुसले जाते. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या साथीत 'ओपनसेफली' ह्या व्यवस्थेने निराळी वाट काढली. तेथे नोंदी जागच्या हलत नाहीत. संशोधकाची गणिते नोंदींपाशी जातात व केवळ एकत्रित आकडे बाहेर येतात. अर्थात त्यासाठी नोंदी संगणकावर व एकाच पद्धतीने लिहिलेल्या असाव्या लागतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निनावी माहितीपुरती संमतीची अट नीतिसमितीला शिथिल करता येते. दोन-चारच रुग्ण असलेल्या गावाची वही 'निनावी' धरावी काय, हा प्रश्न त्या समितीपुढे येणारच.